मम्प्सिमस: चूक दाखवल्यानंतर जन्मणारा शब्द

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका इंग्रजी लेखात 'मम्प्सिमस' हा शब्द भेटला. कोशात 'जुन्याला चिकटून बसणारा हट्टी माणूस' असा अर्थ मिळाला, पण लेखात तो माणसाला नव्हे, तर एका चुकीच्या शब्दप्रयोगाला लावला होता. मग खरा अर्थ कोणता? शब्द लॅटिन आहे का? आणि भाषांतर करताना मराठीत काय लिहायचं?

आधी सरळ उत्तर देते. दोन्ही अर्थ खरे आहेत. चूक आहे हे कुणीतरी दाखवून दिल्यावरही जो शब्द, जी सवय किंवा जी समजूत माणूस सोडत नाही, ती मम्प्सिमस. आणि न सोडणारा तो माणूसही मम्प्सिमसच. शब्द दिसायला अगदी अस्सल लॅटिन वाटतो, पण लॅटिनमध्ये असा शब्दच नाही. चुकीच्या उच्चारातून निघालेला तो एक निरर्थक आवाज आहे, आणि पाचशे वर्षं इंग्रजीत मानाने नांदतो आहे. मराठीत तो एका शब्दात बसत नाही. का बसत नाही, ते शेवटी सांगते, कारण गंमत तिथेच आहे.

गोष्ट एका पाद्र्याची आहे. कॅथलिक उपासनाविधीत प्रसादग्रहण झाल्यावर पाद्री एक छोटी प्रार्थना म्हणतो. तिची लॅटिन सुरुवात 'क्वोद ओरे सुम्प्सिमुस, दोमिने' अशी आहे. अर्थ साधारण असा: प्रभो, मुखाने आम्ही जे ग्रहण केलं ते शुद्ध मनाने धारण करता येवो, आणि या काळापुरत्या दानातून आम्हाला कायमचं औषध मिळो. यातलं 'सुम्प्सिमुस' म्हणजे 'आम्ही घेतलं'. इंग्रजी वळणाने त्याचा उच्चार 'सम्प्सिमस' होतो. आपला पाद्री 'सम्प्सिमस'च्या जागी 'मम्प्सिमस' म्हणत असे. एक-दोनदा नाही, तीस वर्षं. एका जाणत्या माणसाने त्याला चूक दाखवली, तेव्हा तो म्हणाला, तुमच्या नव्या सम्प्सिमससाठी मी माझं जुनं मम्प्सिमस सोडणार नाही.

उत्तर नीट ऐका. 'मीच बरोबर आहे' असं तो म्हणत नाही. 'तुम्ही चुकताय' असंही म्हणत नाही. त्याचं म्हणणं इतकंच की ते जुनं आहे आणि माझं आहे. सगळा शब्द या दोन विशेषणांवर उभा आहे.

त्या प्रार्थनेबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ती पाद्री मोठ्याने म्हणत नाही, पुटपुटतो. ऐकणारं जवळपास कुणी नसतं. तीस वर्षं चूक कुणाच्या कानावर आली नाही याचं नवल वाटायला नको. मोठ्याने म्हटलेली चूक पहिल्याच आठवड्यात पकडली जाते. मनातल्या मनात म्हटलेली मुरते, आणि मुरलेली चूक मग आपल्याला चूक वाटत नाही, ओळखीची वाटते.

आता जरा शब्दाची चिरफाड करू. माझ्या धंद्यातला हा भाग मला सगळ्यात आवडतो, तेव्हा थोडं रेंगाळले तर सोसा. 'सुम्प्सिमुस' हे 'सूमेरे' या धातूचं भूतकाळी, प्रथमपुरुषी, अनेकवचनी रूप. सूमेरे म्हणजे घेणं. इंग्रजीतले अझ्यूम, कन्झ्यूम, रिझ्यूम, प्रिझ्यूम हे सगळे याच घरातले. अझ्यूम म्हणजे मूळ अर्थाने स्वतःकडे घेणं, कन्झ्यूम म्हणजे सगळंच्या सगळं घेऊन संपवणं. खुद्द सूमेरे हा 'एमेरे' या आणखी जुन्या धातूला उपसर्ग लागून झालेला आहे. एमेरे म्हणजेही आधी 'घेणं'च होतं, पुढे त्याचा अर्थ 'विकत घेणं' झाला. विम्याचा प्रीमियम आणि रिडीम करायचं कूपन, दोघेही या एमेरेचे वंशज. म्हणजे विम्याचा हप्ता आणि पाद्र्याची पुटपुट यांचं मूळ एकच.

पण 'एम' आणि 'एस' यांच्यामध्ये तो 'प' कुठून आला? मूळ धातूत 'प' नाही. तो बोलता बोलता शिरला. 'म' म्हणताना ओठ मिटलेले असतात आणि हवा नाकातून जात असते. 'स'साठी ओठ उघडायचे आणि नाकाची वाट बंद करायची. नाकाची वाट क्षणभर आधी बंद झाली आणि ओठ अजून मिटलेलेच असले, की मधे आपोआप 'प' पडतो. करून बघा, पडतोच. इंग्रजीत हे सतत होतं. 'टॉमचा मुलगा' या अर्थाच्या आडनावात 'प' नको होता, पण थॉम्पसनमध्ये आहे. 'एम्प्टी'च्या जुन्या इंग्रजी रूपात 'प' नव्हता, नंतर आला. हॅम्स्टर या प्राण्याचं नाव कित्येक इंग्रज आजही 'हॅम्पस्टर' असं लिहितात, आणि त्यांना हसणारे लोक हसताना 'एम्प्टी' बिनदिक्कत लिहितात.

याचा अर्थ काय झाला? पाद्र्याला शिकवलेलं शुद्ध, व्याकरणसंमत 'सुम्प्सिमुस' हेही एका जुन्या घसरणीचंच फळ आहे. रोमन मुलं शाळेत हे रूप पाठ करू लागली त्याच्या कितीतरी आधी कुणाची तरी जीभ अडखळली होती. ती चूक सगळ्यांनी केली म्हणून व्याकरण झाली. पाद्र्याने आपली एकट्याने केली, म्हणून विनोद झाला.

सुरुवातीचा 'स' जाऊन 'म' का आला, याबद्दल माझा तर्क साधा आहे. शब्दात पुढे दोन 'म' येतात, ओठ त्या तयारीत असतात, आणि पुढचा आवाज घाईने पहिल्या जागेवर येऊन बसतो. जीभ वळत नाही तेव्हा असंच होतं. गालगुंडाच्या 'मम्प्स' या इंग्रजी नावाशी मात्र याचा संबंध नाही. ते नाव तोंड वेडंवाकडं करणं या अर्थाच्या जुन्या शब्दावरून आलं. संबंध नसला तरी इंग्रजी कानाला 'मम्प्सिमस'मध्ये पुटपुटणं आणि तोंड वेंगाडणं दोन्ही ऐकू येतं. शब्द टिकायला याचीही मदत झाली असावी.

शेवटचं 'मुस' फार महत्त्वाचं आहे. ते पाहून अनेकांना वाटतं की हे लॅटिन नाम आहे, आणि मग ते अनेकवचन 'मम्प्सिमाय' असं करतात. तसं नाही. हे 'मुस' म्हणजे 'आम्ही'. क्रियापदाचा प्रत्यय आहे तो. इंग्रजीत अशी आणखी दोन क्रियापदं नामं होऊन बसली आहेत. एक मँडामस: न्यायालयाचा परमादेश. शब्दशः अर्थ 'आम्ही आज्ञा करतो'. दुसरा इग्नोरेमस, म्हणजे 'आम्हाला ठाऊक नाही'. इंग्लंडमध्ये आरोपपत्रात पुरेसा दम नसला की ज्युरीतले पंच त्याच्या पाठीवर हा शेरा मारत. पुढे १६१५ साली केंब्रिजमध्ये पहिल्या जेम्स राजापुढे जॉर्ज रगलचं याच नावाचं एक लॅटिन प्रहसन झालं. त्यातल्या अडाणी वकिलाचं नाव इग्नोरेमस होतं. तेव्हापासून तो शब्द अडाणी माणसाला चिकटला. तर 'आम्हाला ठाऊक नाही' म्हणणारा इग्नोरेमस, आणि ठाऊक करून दिल्यावरही न बदलणारा मम्प्सिमस. दोघे शेजारी ठेवले की अर्थाची सीमा लख्ख दिसते. अनेकवचन दोघांचंही साधं इंग्रजी पद्धतीचं होतं: इग्नोरेमसेस, मम्प्सिमसेस.

ही गोष्ट सांगितली कुणी? पाद्र्याचं नाव कुठे नाही, गावाचंही नाही. मला स्वतःला ती खरी घडण्यापेक्षा जरा जास्तच नीटनेटकी वाटते. ती लिखाणात दिसते ती एरास्मस या डच विद्वानाच्या पत्रात. १५१६ सालच्या ऑगस्टमध्ये त्याने केंब्रिजमधल्या हेन्री बुलक या आपल्या मित्राला लिहिलेल्या पत्रात हा दाखला दिला. तारखेकडे बघा, म्हणजे दाखला का दिला ते कळेल. त्याच वर्षी बाझलच्या फ्रोबेनच्या छापखान्यातून एरास्मसचा नवा करार, म्हणजे बायबलचा उत्तरार्ध, बाहेर पडला होता: ग्रीक पाठ आणि शेजारी त्याने स्वतः केलेलं नवं लॅटिन भाषांतर. चर्चमध्ये शतकानुशतकं संत जेरोमने केलेलं बायबलचं लॅटिन भाषांतर वाचलं जात होतं, आणि एरास्मसने त्यातले शब्द बदलायचं धाडस केलं होतं. ओरडा झाला. त्या ओरडणाऱ्यांसाठी त्याने मम्प्सिमसवाला पाद्री पुढे केला. म्हणजे ही नुसती विनोदी गोष्ट नाही, पाठसंशोधकाच्या हातातली छडी आहे.

आणि ओरडा काही थांबला नाही. १५१९च्या दुसऱ्या आवृत्तीत योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच ओळीत त्याने 'शब्द' या अर्थाचं 'वेर्बुम' काढून 'बोलणं' या अर्थाचं 'सेर्मो' घातलं, तेव्हा तर कहरच झाला. योहानाच्या पहिल्या पत्रातलं त्रैक्याबद्दलचं, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघे एकच आहेत असं सांगणारं, एक प्रसिद्ध वाक्य त्याला जुन्या ग्रीक हस्तलिखितांत सापडलं नाही, म्हणून पहिल्या दोन आवृत्त्यांत त्याने ते गाळलं. १५२२च्या तिसऱ्या आवृत्तीत ते परत घालावं लागलं. सम्प्सिमसवाल्यालाही कधीकधी मम्प्सिमसपुढे मान तुकवावी लागते ती अशी.

इथे मला नेहमी जेरोमचीच एक गोष्ट आठवते, कारण गंमत अशी की एरास्मसच्या काळात जे भाषांतर जुनं आणि पवित्र होतं, तेही एकेकाळी नवं आणि संतापजनक होतं. इसवी सन ४०३च्या सुमारास संत ऑगस्टिनने जेरोमला पत्र लिहून कळवलं की ओएआ नावाच्या गावात, म्हणजे आजच्या लिबियातल्या त्रिपोलीत, बिशपने तुझं भाषांतर वाचलं आणि दंगा झाला. कशावरून? एका वेलावरून. बायबलमधल्या योनाच्या पुस्तकात योनाच्या डोक्यावर सावली धरणारी एक वनस्पती आहे. लोक पिढ्यान्‌पिढ्या ती 'भोपळ्याचा वेल' म्हणून ऐकत आले होते. जेरोमने ती 'आयव्ही' केली. लोक खवळले, आणि आपली मंडळी सोडून जातील या भीतीने बिशपला जुना शब्द परत घ्यावा लागला.

जेरोमने उत्तरात फणकाऱ्याने लिहिलं की मूळ हिब्रू शब्दाला लॅटिनमध्ये प्रतिशब्दच नाही, म्हणून मी आधीच्या ग्रीक भाषांतरकारांच्या वाटेने गेलो. आजच्या बहुतेक अभ्यासकांचं मत आहे की ती वनस्पती एरंड असावी. म्हणजे भोपळाही चूक, आयव्हीही चूक. दंगा झाला तो एका चुकीच्या बाजूने, दुसऱ्या चुकीविरुद्ध. ही गोष्ट मी नव्या भाषांतरकारांना आवर्जून सांगते. प्रत्येक सम्प्सिमस बरोबर असतोच असं नाही. नवा शब्द आणणाऱ्याने आपल्या हातात खरंच एरंड आहे का, हे तपासून घ्यावं.

परत इंग्लंडकडे. एरास्मसच्या पत्रानंतर वर्षभरात, १५१७ साली, रिचर्ड पेस या इंग्रज मुत्सद्द्याचं विद्येच्या फायद्यांवरचं एक लॅटिन पुस्तक त्याच फ्रोबेनच्या छापखान्यातून निघालं. त्यात गोष्ट अधिक ठसठशीतपणे येते: पाद्री इंग्रज, चूक तीस वर्षांची, आणि ते 'जुनं मम्प्सिमस, नवं सम्प्सिमस' हे उत्तर. पुढे सांगणाऱ्यांनी वर्षांचे आकडे आपल्या सोयीने बदलले, पण उत्तर कुणी बदललं नाही. पेस नंतर लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलचा डीन झाला. विद्येचा फायदा त्याला झाला म्हणायचा.

१५३० साली बायबलचा इंग्रजी भाषांतरकार विल्यम टिंडेल याच्या एका इंग्रजी पुस्तकात हा शब्द दिसतो, तोही अनेकवचनात, आणि धर्मशास्त्राच्या डॉक्टरांना उद्देशून शिवी म्हणून. चौदा वर्षांत लॅटिन चुटक्याचा इंग्रजी शब्द झाला. असा प्रवास सहसा इतक्या लवकर होत नाही. पण ते दिवसच असे होते की ज्याच्या-त्याच्या तोंडी हा वाद होता, आणि वादाला छोटा, टोचणारा शब्द हवाच असतो.

त्याला खरी प्रतिष्ठा मिळवून दिली ती आठव्या हेन्रीने. २४ डिसेंबर १५४५ला त्याने पार्लमेंटपुढे भाषण केलं, ते तिथलं त्याचं शेवटचं ठरलं. प्रकृती ढासळलेली होती आणि राज्यात धर्मावरून दोन तट पडले होते. बायबल दारूच्या गुत्त्यांत गाण्यांसारखं गायलं जातंय अशी त्याची तक्रार होती. धर्मगुरूंना झापताना तो म्हणाला की तुमच्यातले काही आपल्या जुन्या मम्प्सिमसमध्ये ताठ आहेत, तर काही आपल्या नव्या सम्प्सिमसमध्ये नको इतके गुंतलेले आणि चिकित्सक झाले आहेत. रोमपासून फुटून निघालेला, मठ मोडणारा हा राजा दोन्ही बाजूंना एकाच काठीने हाणतोय, याची मला फार मौज वाटते. पण भाषेच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की त्याने सम्प्सिमसलाही दोष म्हणून वापरलं. एरास्मसच्या हातात शब्द एकीकडूनच धार असलेला होता, हेन्रीने त्याला दुधारी केलं. मोठ्या इंग्रजी कोशांत आजही 'सम्प्सिमस'ची वेगळी नोंद सापडते: रूढ पण चुकीच्या शब्दाच्या जागी काटेकोर बरोबर शब्द आणण्याचा अट्टहास.

चार वर्षांनी, १५४९मध्ये, इंग्रजी प्रार्थनापुस्तक आलं आणि इंग्लंडच्या चर्चमधून ती लॅटिन प्रार्थना गेली. प्रार्थना गेली, तिची चूक मागे राहिली. कॅथलिक विधीत मात्र पाद्री ती प्रार्थना अजून म्हणतात, आणि अजून हळू आवाजातच.

आता आजचा वापर. हा शब्द अगदी विरळा आहे. भाषेवर लिहिणारे, संपादक, न्यायनिवाड्यांवर टीका करणारे, शास्त्रातल्या जुन्या समजुती झोडपणारे असे लोकच तो वापरतात. आणि बरेचदा सैल वापरतात: कुठलीही जुनी, पसरलेली चूक म्हणजे मम्प्सिमस. मला हे पटत नाही. चूक आणि मम्प्सिमस यांच्यामध्ये एक माणूस उभा असतो, तो चूक दाखवणारा. तो येऊन गेल्याशिवाय मम्प्सिमस होत नाही.

माझंच उदाहरण देते. इंग्रजीत 'दिशाभूल झालेला' या अर्थाचा 'मिसलेड' (misled) हा शब्द आहे. मी तो कित्येक वर्षं मनातल्या मनात 'मायझल्ड' असा वाचत होते. माझ्या हिशेबी 'मायझल' असं एक क्रियापद होतं, थोडं कपटी, थोडं चोरट्या पावलांनी चालणारं. आणि 'मिसलेड' हा मला ऐकून माहीत असलेला शब्द त्याहून वेगळा, सरळ स्वभावाचा. दोन्हींचा अर्थ जवळपास एकच कसा, असा प्रश्नही कधी पडला नाही. अनुवादाच्या एका बैठकीत मी मोठ्याने 'मायझल्ड' म्हटलं. समोरचे सहकारी क्षणभर थांबले, त्यांनी कागदावर तो शब्द लिहिला आणि 'मिस'नंतर पेन्सिलीने एक उभी रेघ ओढली. बस्स. त्या रेघेपर्यंत मी मम्प्सिमस नव्हते, नुसती चुकत होते. त्यानंतरचे दोन आठवडे मात्र मी मम्प्सिमस होते, हे कबूल करते, कारण मला माझा मायझल्डच जास्त आवडायचा. (इंग्रजी मातृभाषा असलेले पुष्कळ लोक हीच चूक करत मोठे झाले आहेत, हे नंतर कळलं. तेवढाच दिलासा.)

शेजारपाजारचे शब्दही वेगळे काढून ठेवायला हवेत, कारण लोक त्यांची खिचडी करतात. भारी शब्द भलत्या जागी ठोकून देणं म्हणजे मॅलाप्रॉपिझम. शेरिडनच्या १७७५च्या नाटकातल्या मिसेस मॅलाप्रॉपवरून तो आला. गाण्याचे शब्द भलतेच ऐकू येणं म्हणजे मॉन्डग्रीन, १९५४ साली सिल्व्हिया राइटने दिलेलं नाव. या दोन्हींत कान किंवा बुद्धी फसते. मम्प्सिमसमध्ये कुणी फसत नाही, तो सगळं कळून करायचा प्रकार आहे.

आणि शेवटी जिंकलेल्या चुका? त्यांना मम्प्सिमस म्हणायचं का? 'आयलंड' घ्या. त्यात लिहिला जाणारा 'एस' कुणीही उच्चारत नाही, कारण तो तिथे कधी नव्हताच. जुना इंग्रजी शब्द वेगळ्याच कुळातला. पुढे लोकांना वाटलं की हा फ्रेंचमधून आलेल्या 'आइल'चा नातलग, म्हणून पंधराव्या-सोळाव्या शतकांत त्यात 'एस' घुसवला गेला. 'कुड'मधल्या 'एल'चीही तीच कथा: 'वुड' आणि 'शुड' यांत 'एल' मुळापासून आहे, 'कुड'मध्ये नव्हता, तिघे एकत्र बसतात म्हणून तिसऱ्यालाही तोच गणवेश चढवला. आज कुणी 'एल' न लिहिता 'कुड' लिहिलं तर आपण त्यालाच दुरुस्त करू. इथे मम्प्सिमस हा शब्द लागू पडत नाही, कारण 'नवं सम्प्सिमस' घेऊन येणारं कुणी उरलेलंच नाही. वाद संपला की मम्प्सिमसही संपतो. चालू वाद हवा असेल तर 'न्यूक्लियर'ला 'न्यूक्युलर' म्हणणं बघा. अमेरिकेच्या काही राष्ट्राध्यक्षांच्याही तोंडी ते होतं, लोक दर वेळी दुरुस्त करत होते, आणि म्हणणारे म्हणतच राहिले.

आता मराठी. मी चार वाक्प्रचार लावून पाहिले आणि चारही एकेका टोकाला तोकडे पडले.

'माझ्या सशाला तीनच पाय' पहिल्यांदा आठवतो. पण तो सशाचा धनी वाद जिंकायला निघालेला असतो, पाय तीनच आहेत असं ठासून सांगतो. आपला पाद्री पायांची संख्या नाकारतच नाही. 'पालथ्या घड्यावर पाणी' म्हणावं तर घड्यात काही शिरतच नाही, आणि इथे सगळं आत शिरलेलं आहे. 'पहिले पाढे पंचावन्न' जवळ येतो, कारण शिकवूनही पुन्हा तेच होतं. पण तिथे पुढे सरकायचं राहून गेलेलं असतं, ठरवून दिलेला नकार नसतो. 'दुराग्रह' अर्थाने चालेल, पण फार मोठा आणि गंभीर शब्द आहे. दुराग्रहाने माणसं लढाया करतात. मम्प्सिमसमध्ये एका अक्षराचा क्षुद्रपणा आणि त्या क्षुद्रपणातला जिव्हाळा आहे, तो दुराग्रहात नाही.

त्यामुळे मी काय करते ते सांगते. शब्द माणसाला लावलेला असेल तर 'हेकट' किंवा 'हेकेखोर' लिहून पुढे जाते. 'हेका'मध्ये तो लहानसा, घरगुती हट्ट बरोबर पकडला जातो. चुकीला लावलेला असेल तर 'जपून ठेवलेली चूक' असं लिहिते. दोन शब्द जास्त जातात, पण 'जपून'मध्ये ते 'माझं आणि जुनं' येतं. लेखकाने गोष्टीचाच संदर्भ दिला असेल तर मात्र 'मम्प्सिमस' तसाच ठेवायचा आणि एका ओळीत पाद्री सांगून टाकायचा. तुम्ही जो लेख वाचलात त्यात शब्दप्रयोगाला उद्देशून वापर आहे, तेव्हा 'जपून ठेवलेली चूक' तिथे बसायला हरकत नाही.

मराठी लेखनात असं काही जपलेलं आहे का, हे वेगळं सांगायला नको. 'पारंपारिक' रोज छापून येतं, 'परंपरा'पासून 'पारंपरिक' होतं हे सगळ्या मुद्रितशोधकांना माहीत असूनही. 'तज्ज्ञ'मधला अर्धा 'ज' कित्येकांना छळ वाटतो. माझ्या वाट्याला आलेला नमुना मात्र 'मतितार्थ'चा. एक ज्येष्ठ लेखक, गाढे वाचक. त्यांच्या हस्तलिखितात हा शब्द अकरा वेळा होता. मी अकरा वेळा 'मथितार्थ' केलं आणि पानाच्या समासात लिहिलं: मथित म्हणजे घुसळलेलं, घुसळून वर आलेला अर्थ तो मथितार्थ. प्रुफं परत आली. प्रत्येक 'थि'वर काट मारून वर 'ति' केलं होतं. मी फोन केला. ते म्हणाले, "बाई, तुमची व्युत्पत्ती बरोबर आहे. ती मला एकोणीसशे साठपासून ठाऊक आहे." मग पुढचं वाक्य आलं नाही. मी वाट पाहिली, पण ते हवापाण्याबद्दल बोलू लागले.

दुसऱ्या प्रुफात मी पुन्हा 'थि' केलं. ते अकराच्या अकरा तसेच परत आले, एकाही काटेशिवाय, तळाशी त्यांच्या सहीनिशी. मला वाटलं, पटलं. पुस्तक छापून हातात आलं तेव्हा अकराही ठिकाणी 'मतितार्थ' होता. त्यांनी थेट छापखान्यात फोन केला होता.